प्रोग्रॅमने प्रश्न कधी विचारावा

कन्सोलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या पडद्यावर, चालणाऱ्या प्रोग्रॅमला माहिती देण्याचे दोन सरळ मार्ग आहेत: सुरू करतानाच कमांडच्या पुढे आर्ग्युमेंट, म्हणजे फाइलच्या नावासारखी माहिती, लिहिणे, किंवा तो चालू असताना त्याने विचारले की टाइप करणे. शिकताना दुसरा मार्ग आधी भेटतो, आणि मग ‘फाइलचे नाव टाका’ असे विचारण्याची सवय जडते. माझे मत असे, की रोजच्या कामाच्या प्रोग्रॅमने शक्यतो काही विचारूच नये. प्रश्न विचारून थांबणारा प्रोग्रॅम क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) रात्री चालवता येत नाही, दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये सहज बसवता येत नाही, आणि तीच कमांड वरचा बाण दाबून पुन्हा देण्याची सोयही हातची जाते.

आर्ग्युमेंट वापरायची, तर ती आपल्यापर्यंत कशी पोहोचतात हे नीट समजून घ्यावे लागते. युनिक्समध्ये टाइप केलेली ओळ आधी शेल, म्हणजे कमांड घेऊन प्रोग्रॅम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, वाचतो, रिकाम्या जागांवर तोडतो, अवतरणचिन्हे काढून टाकतो आणि उरलेले तुकडे प्रोग्रॅमच्या हाती देतो. समजा ‘मोजणी’ नावाच्या प्रोग्रॅमला ‘मासिक अहवाल’ ही फाइल अवतरणचिन्हांशिवाय दिली, तर त्याला ‘मासिक’ आणि ‘अहवाल’ अशा दोन फाइली दिसतात, आणि सी भाषेत आर्गसीची, म्हणजे मिळालेल्या यादीतील घटकांच्या संख्येची, किंमत ३ येते, कारण पहिली जागा प्रोग्रॅमच्याच नावाची असते. जावा आणि सी-शार्पमध्ये हे नाव यादीत येत नाही, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत जाताना क्रमांक एकाने चुकतो. फाइलच्या नावात ‘येथे काहीही चालेल’ अशा अर्थाने लिहिलेल्या तारांकनाचेही (*) असेच आहे: युनिक्सचा शेल त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे घालून देतो, तर विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट तारांकन जसेच्या तसे पुढे ढकलतो. म्हणून यादीतील कोणत्याही घटकाला हात लावण्यापूर्वी संख्या तपासावी, आणि ती कमी असेल तर वापराची एक ओळ एरर स्ट्रीमवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर) छापून शून्येतर कोडने, म्हणजे काम फसल्याची खूण देऊन, बाहेर पडावे. फाइलचे नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर ते ऑप्शन, म्हणजे प्रोग्रॅमचे वागणे बदलणारी सूचना, समजले जाते. त्यासाठी दोन आडव्या रेघा एकट्या लिहून ‘येथे ऑप्शन संपले’ असे सांगण्याचा संकेत आहे, आणि आर्ग्युमेंट वाचून देणारी गेटऑप्ट किंवा पायथॉनचे आर्गपार्स ही तयार साधने तो आपोआप पाळतात. हे पार्सिंग, म्हणजे आर्ग्युमेंटांचा अर्थ लावण्याचे काम, हाताने लिहिण्याचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो.

तरीही विचारणे भाग पडलेच, तर आलेला मजकूर हा केवळ मजकूर आहे असे धरून चालावे. सी भाषेत लूपमध्ये स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनला पूर्णांक वाचायला सांगितले आणि समोरच्याने ‘दहा’ असे अक्षरांत लिहिले, तर ती अक्षरे बफरमध्येच (वाचायच्या राहिलेल्या मजकुराच्या साठ्यात) पडून राहतात, पुढच्या फेरीत पुन्हा तीच सामोरी येतात, आणि परत आलेली किंमत तपासली नसेल तर तोच प्रश्न पडद्यावर अखंड धावत सुटतो. त्यापेक्षा एफगेट्स या फंक्शनने पूर्ण ओळ घ्यावी आणि स्ट्रटॉल या फंक्शनने तिचा आकडा करावा. आकडा करणारे दुसरे फंक्शन, एटॉय, वापरू नये, कारण ‘०’ लिहिले काय आणि निरर्थक अक्षरे लिहिली काय, दोन्ही वेळा ते शून्यच देते. ओळ किती लांब आहे हे न पाहताच ती वाचणारे गेट्स हे फंक्शन तर २०११ च्या सी प्रमाणकातून काढूनच टाकले आहे. १९८८ च्या मॉरिस वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरकाव केला तो याच फंक्शनच्या आधाराने.

इनपुट संपण्याची शक्यताही धरावी. युनिक्सवर रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबले, किंवा इनपुट पाइपमधून (एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला पोहोचवणाऱ्या जोडणीतून) येऊन संपले, की वाचणारे फंक्शन रिकाम्या हाताने परतते, आणि पायथॉनमध्ये इनपुट हे फंक्शन अपवाद (एक्सेप्शन) फेकते. पुढे टर्मिनल आहे की पाइप, हे इझ-ए-टीटीवाय हे फंक्शन सांगते. टर्मिनल असेल तरच प्रश्न छापावा, नसेल तर निमूटपणे वाचावे. पासवर्ड मात्र आर्ग्युमेंटमध्ये कधीही मागू नये, कारण पीएस ही चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड चालवणाऱ्या त्या मशीनवरील इतरांनाही तो सहसा दिसतो आणि शेलच्या इतिहासातही राहतो. तो टर्मिनलवर, अक्षरे न उमटवता विचारावा.