स्टेशनांच्या भेंड्या : ‘ड’ची खाण सापडली!

मागच्या वेळी रेल्वे स्टेशनांच्या भेंड्यांचे नियम ठरवून झाले होते. स्टेशन महाराष्ट्रातलंच हवं, आधीच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं नाव लावायचं (काना-मात्रा सोडून), आणि एका डावात एक नाव एकदाच. आता वहीत अक्षरवार पानं पाडलीत आणि खेळ खराखुरा रंगायला लागलाय.

पहिला घोळ ‘ण’ आणि ‘ळ’चा. या दोन अक्षरांनी सुरू होणारं स्टेशन नाहीच. म्हणजे पुणे, ठाणे, कल्याण, चिपळूण, भुसावळ, कुडाळ, नेरळ, लोणावळा, टिटवाळा यांतलं काहीही टाकलं की समोरचा गप्प. भाचीला हे कळल्यापासून ती दबा धरूनच बसते. “मामा, पुणे! आता लावा बघू काय लावताय ते.” ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ चालवून पाहिलं, पण खेळ पारच मिळमिळीत झाला. म्हणून ती नावं हुकमाची ठेवलीत. पडली की एक गुण आणि नवा डाव.

त्यामुळे सगळी गंमत आता हुकूम कोण कुणाच्या हातात देतो यावर आलीय. आणि इथं आपली मिरज-कोल्हापूर लाईन दोन्हीकडून बोलते. हातकणंगले एवढं झोकदार नाव, पण टाकलं की समोरून लोणावळा. गूळ मार्केट म्हणालात की टिटवाळा ठरलेलाच. कोल्हापूर, जयसिंगपूर तशी निरुपद्रवी. ‘र’ला रुकडी, राजेवाडी, रोहा, राहुरी, रत्नागिरी अशी भरपूर, शिवाय रहिमतपूर टाकून ‘र’ परत समोरच्याच्या गळ्यात मारता येतो. रामटेक मात्र चुकूनही नको, ‘क’वर कल्याण आणि कुडाळ दोन्ही टपलेले असतात.

खरा शोध रुकडीचा. ‘ड’वरून आमच्या वहीत फक्त डोंबिवली, डहाणू रोड आणि डॉकयार्ड रोड. समोरच्यानं घाईत डोंबिवली म्हटलं की आपण शांतपणे लोणावळा म्हणायचं, खेळ खल्लास. आणि ‘ड’वर संपणारी नावं आपल्याकडे किती बघा : रुकडी, वळिवडे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, कराड, शिरवडे. कोल्हापूर ते पुणे ही लाईन म्हणजे ‘ड’ची खाण आहे राव! मुंबईकर पाहुणा लोकलची स्टेशनं धडाधड म्हणतो, पण दोन-तीन रुकड्या पडल्या की घाम पुसतो.

यावर तोड दोनच, डॉकयार्ड रोड आणि डहाणू रोड. ‘ड’वरून सुरू, ‘ड’वरच खलास. म्हणूनच ‘रोड’ धरायचा की सोडायचा यावर घरात जुंपली. सोडला तर डहाणू ‘ण’वर जातं आणि आयता हुकूम होतो. धरला तर सावंतवाडी रोड, भंडारा रोड, तुमसर रोड ही सगळी ‘ड’वर येऊन संपतात. माझं मत धरायचा. पाटीवर आहे ना, मग खेळातही असू दे. जंक्शन मात्र उडवलं, नाहीतर सगळं ‘न’वर जाऊन साचतं.

पाटीचा न्याय लावला की आपलंच स्टेशन अडचणीत येतं. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हटलं तर ‘स’, कोल्हापूर म्हटलं तर ‘र’. सध्या दोन्ही चालतात, पण डावात एकदाच. बदललेल्या नावांत नवंच धरायचं ठरलंय, त्यामुळे धाराशिव ‘ध’च्या पानावर धुळ्याच्या शेजारी जाऊन बसलं.

आता भाचीचा हट्ट आहे की मिरजेच्या पुढची बेळगावकडची स्टेशनं पण घ्यायची. एक डाव घेऊन बघितला. तिनं मोठ्या तोऱ्यात घटप्रभा टाकलं. मी भुसावळ म्हणालो. तिनं कुडची काढली, मी चिपळूण. कर्नाटकाचं पान तिनं स्वतःच्या हातानं फाडलं.