‘पाया कच्चा आहे’ असे म्हणण्याआधी

पुण्यात दर वर्षी आफ्रिका खंडातील अनेक देशांतून विद्यार्थी शिकायला येतात. टांझानिया, केनिया, नायजेरिया, सुदान, इथिओपिया, काँगो येथून आलेली ही मुले कोंढवा, वानवडी, कात्रज, विमाननगर अशा भागांत खोली घेऊन राहतात, आणि पहिल्या सत्राचे निकाल लागले की त्यांच्याविषयी प्राध्यापकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्यांचा पायाच कच्चा असतो.’ मी येथील एका महाविद्यालयात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवते आहे. हे वाक्य उच्चारणारे माझे सहकारी दुष्ट नाहीत. त्यांच्या मनात या मुलांविषयी कणवच असते, आणि त्या कणवेतूनच जादा तास, सोप्या नोट्स आणि ‘निदान पास तरी व्हावेत’ एवढीच अपेक्षा जन्माला येते. मला या कणवेविरुद्ध लिहायचे आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतो तेव्हा त्याच्यात काय कमी आहे हे शोधण्याआधी आपली संस्था त्याला कशी वागवते हे तपासले पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ही तपासणी जेथे प्रामाणिकपणे झाली तेथे निकाल बदललेले दिसतात.

यासाठीचे सर्वांत बोलके उदाहरण माझ्या विषयाच्या शेजारचे, म्हणजे गणिताचे आहे. 1970च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गणित विभागात काम करणाऱ्या युरी ट्राइसमन या तरुण अभ्यासकाच्या लक्षात आले की, पहिल्या सत्राचे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे 60 टक्के विद्यार्थ्यांना ‘डी’ किंवा ‘एफ’ या सर्वांत खालच्या श्रेणी मिळत होत्या. याचे कारण काय असावे असे त्यांनी अध्यापकांना विचारले, तेव्हा प्रेरणा कमी, शाळेतील तयारी अपुरी, घरी शिक्षणाचे वातावरण नाही आणि घरची गरिबी, अशी चार उत्तरे आली. आपल्याकडील कोणत्याही विभागाच्या बैठकीत हीच चार उत्तरे मिळाली असती. ट्राइसमन यांनी ती गृहीत धरली नाहीत. त्यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ही मुले प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्या सोबत राहून, दीर्घकाळ पाहिले.

त्या निरीक्षणापुढे चारही उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आपापल्या शाळांतील अतिशय हुशार मुले होती, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या आणि ती मुले नेमून दिलेला अभ्यास नेमाने करत होती. फरक होता तो एकटेपणाचा. चिनी वंशाचे विद्यार्थी दिवसा आपापली उदाहरणे सोडवत आणि संध्याकाळी एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जेवणही बरोबर करत. त्यामुळे एखादे उदाहरण आपल्यालाच जमत नाही की सर्वांनाच अवघड जाते आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असे. याउलट 20 कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी 18 जण सहाध्यायांबरोबर कधीच अभ्यास करत नव्हते. ज्या स्वावलंबनाने त्यांना बर्कलेपर्यंत आणले होते, तेच आता त्यांना आतल्या आत खात होते, कारण परीक्षेत गुण कमी पडले की दोष आपल्या कुवतीत आहे असाच अर्थ त्यांना लावता येत होता. विद्यापीठात कच्च्या मुलांसाठी मदतवर्ग होते, परंतु जो विद्यार्थी स्वतःला कच्चा मानत नाही तो तेथे कशाला जाईल?

1978 साली ट्राइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी कार्यशाळा सुरू केली, तिची रचना म्हणूनच वेगळी होती. ‘तुम्हाला मदतीची गरज आहे’ असे निमंत्रण कोणालाही गेले नाही. उत्तम गणित करू इच्छिणाऱ्यांसाठीचा हा उपक्रम आहे, असे सांगून मुलांना बोलावले गेले. वर्गातल्यापेक्षा सोपी नव्हे, तर अधिक अवघड उदाहरणे तेथे ठेवली जात, ती एकट्याने लवकर सुटू नयेत अशीच निवडलेली असत, आणि मार्गदर्शक व्याख्यान न देता मुलांचे वाद ऐकत फिरत असे. पुढच्या काळात या कार्यशाळेतील विद्यार्थी कार्यशाळेबाहेरील कृष्णवर्णीय मुलांपेक्षाच नव्हे, तर वर्गातील गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या सहाध्यायांपेक्षाही सरस ठरू लागले. अपेक्षा वाढवली आणि सोबत दिली, एवढेच घडले होते. मला हा संपूर्ण वृत्तान्त शिक्षकांच्या प्रत्येक उजळणी वर्गात सांगावासा वाटतो.

माझ्या महाविद्यालयात आम्ही संध्याकाळी पाचनंतर एका रिकाम्या वर्गात याच धर्तीवर बसतो. टांझानिया आणि नायजेरियातून आलेली मुले असतात, तशीच लातूर, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेलीही असतात, कारण पुण्याच्या इंग्रजीपुढे दबून जाण्याचा अनुभव दोघांनाही सारखाच असतो. संभाव्यतेचे एखादे किचकट उदाहरण फळ्यावर लिहून मी मागे बसते. वर्गात उच्चारांवरून कोणीतरी हसल्यामुळे सत्रभर तोंड न उघडणारी एक विद्यार्थिनी येथे ‘सशर्त संभाव्यता आधी लावली तरच गणित सुटेल’ असे ठामपणे सांगू लागते, तेव्हा तिचा पाया कच्चा होता असे म्हणण्यास कोणाचीही जीभ रेटणार नाही.

येथे एक भेद मात्र स्पष्ट ठेवला पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागे गुलामगिरीचा आणि कायद्याने लादलेल्या विभक्त शाळांचा इतिहास आहे. पुण्यात आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याचा इतिहास तो नाही. लागोसमध्ये किंवा दार-ए-सलाममध्ये तो केवळ विद्यार्थी असतो, आणि त्याच्या रंगाची आठवण त्याला पावलोपावली करून दिली जाते ती येथे आल्यावर : बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, अनोळखी माणसे न विचारता केसांना हात लावतात, कार्यालयातील खिडकीपलीकडे त्याच्या देखत मराठीतून त्याच्याविषयी बोलले जाते. अमेरिकेतील उपाय जसेच्या तसे उचलून चालणार नाही, परंतु त्या उपायांमागची दृष्टी आपल्या उपयोगाची आहे, आणि खरे पाहता ती पुण्याला परकीही नाही.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात औदार्य दाखवणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी असे मांडले की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्यांना अधिक चांगल्या समजतील. शंभराहून अधिक वर्षांनंतर अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एका मोठ्या शैक्षणिक प्रयोगाच्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी जे काढले ते याच्याशी तंतोतंत जुळते : बालवर्ग ते तिसरी या इयत्तांत ज्या कृष्णवर्णीय मुलांना किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, त्यांचे शालान्त शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण 13 टक्क्यांनी आणि महाविद्यालयात प्रवेश घेण्याचे प्रमाण 19 टक्क्यांनी अधिक होते. आणि त्याच अमेरिकेत, विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954च्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर दक्षिणेतील शाळा एकत्र करताना हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना कामावरून कमी करण्यात आले. मुलांना नव्या इमारतीत नेले, परंतु त्यांना ओळखणारी माणसे बाहेर ठेवली. पुण्याच्या महाविद्यालयांत इतकी वर्षे आफ्रिकी विद्यार्थी शिकत असताना आफ्रिकी वंशाचे अध्यापक मात्र अपवादानेच दिसतात. संशोधन पूर्ण करून परतणाऱ्यांपैकी काहींना अभ्यागत अध्यापक म्हणून बोलावण्यास काय हरकत आहे, हा प्रश्न मी आमच्या विद्या परिषदेच्या सदस्यांना विचारत असते.

पैशाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात असे आढळले की थोडीशी फी थकल्यामुळे चांगले शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचीही नावे वर्गातून कमी केली जात आहेत. 2011पासून विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांना स्वतःहून शोधून, त्यांच्या अर्जाची वाट न पाहता, थकबाकी भरण्यापुरते छोटे अनुदान देण्यास सुरुवात केली, आणि पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीतील धोक्याच्या खुणांवर समुपदेशकांनी तत्काळ संपर्क साधण्याची व्यवस्था उभारली. 2003च्या सुमारास 32 टक्के असलेले तेथील पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण पन्नास टक्क्यांपलीकडे गेले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याहून अधिक प्रमाणात पदवीधर होऊ लागले. एप्रिल 2023मध्ये सुदानात युद्ध सुरू झाल्यावर घरून येणारे पैसे थांबलेले विद्यार्थी आपल्या शहरातही होते. त्यांना सवलत मिळाली तेथे ती कोणा एका सहृदय लिपिकामुळे किंवा प्राध्यापकामुळे मिळाली. चांगुलपणावर चालणारी मदत माणूस बदलला की थांबते, म्हणून संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ठरावीक तरतूद हवी.

खोलीचेही तसेच आहे. परदेशी भाडेकरू ठेवल्यास घरमालकाला 24 तासांत त्याची माहिती सरकारी अर्जात भरून कळवावी लागते. ती कटकट आणि सोसायटीतील कुजबुज यांमुळे अनेक जण सरळ नकार देतात. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला मात्र 14 दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते आणि तेथे पत्ता दाखवावा लागतो. ज्याने आल्यापासून दोन आठवडे दलालांच्या मागे फिरत, दारावरून परत जात काढले, तो विद्यार्थी पहिल्या महिन्याच्या तासांना का नव्हता, हे आपण त्याच्या हजेरीपत्रकावरून ठरवतो. 2017 साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, त्यानंतर येथील मुलेही रात्री बाहेर पडण्यास बिचकत होती, हे मी पाहिले आहे.

कार्यशाळा, अनुदान अशा खास व्यवस्थांमुळे विद्यार्थी वेगळे पडतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर मेरीलँड राज्यातील अनुभव पाहावा. बाल्टिमोरजवळच्या विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की यांच्या पुढाकाराने 1988 साली सुरू झालेला मायरहॉफ उपक्रम प्रथम केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होता : प्रवेशाआधी उन्हाळ्यात एकत्र निवासी तयारी, सामूहिक अभ्यास, पहिल्यापासून प्रयोगशाळेत काम. 1996मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि तरीही कृष्णवर्णीय वैज्ञानिक घडवण्यात अग्रेसर राहिला. जून 2023मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंधने घातली, परंतु तो निकाल प्रवेशाविषयीचा होता, प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थ्याला कसे वागवायचे याविषयीचा नव्हता.

आमच्याकडे निकालाची टक्केवारी विषयवार काढली जाते, देशवार काढली जात नाही. त्यामुळे कोणत्या देशाची मुले कोणत्या सत्रात गळतात हे कोणालाच सांगता येत नाही. येत्या जुलैपासून ही नोंद ठेवावी, प्रवेशपत्राबरोबरच भाडेकरारासाठी महाविद्यालयाने घरमालकाच्या नावे पत्र द्यावे आणि घरमालकाचा तो सरकारी अर्ज भरून देण्यासाठी कार्यालयातील एक व्यक्ती नेमावी, असा अर्ज आम्ही काही अध्यापकांनी प्राचार्यांकडे दिला आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांत पूर्वी पायाविषयी बोलणारे दोघे जण आहेत.