सी-व्ह्यू

मे महिन्यात कोकणात जायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. खोलीतून समुद्र दिसतो का? दहाएक वर्षांपूर्वी दापोलीजवळच्या एका गावात घरगुती राहण्याची सोय आहे असं कळलं, तेव्हा फोनवर मी आधी तेच विचारलं. पलीकडून काकू म्हणाल्या, "दिसत नाही हो, ऐकू येतो. बघायचाच असेल तर वाडीतून चालत गेलं की झालं. तो काही कुठे जात नाही."

गेल्यावर पाहिलं तर घराचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. समुद्राकडे चक्क पाठ. मध्ये नारळी-पोफळीची वाडी. पश्चिमेची पडवी डोळ्यांवर ओढलेल्या टोपीसारखी इतकी खाली उतरलेली की उभ्याने बाहेर बघता येऊ नये. फुकट मिळालेल्या एवढ्या समुद्राकडे पाठ फिरवून बसलेलं ते घर बघून मला हळहळ वाटली होती. शहरातून आलेल्या माणसाला वाटते तशी.

पक्ष्यांना घरटं करायला लाकडी पेटी लावायचं खूळ मागाहून आलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्या घरच्या भाऊंची निम्मी वाडी आडवी झाली. काही माड मुळासकट गेले, काहींचे नुसते शेंडे उडाले. असे थोटे माड वाळले की सुतारपक्षी त्यांना भोकं पाडतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंकी, दयाळ, पोपट असे भाडेकरू येतात. पण भाऊंनी थोटे माड काढून रोपं लावली. त्यांनी तरी काय करावं? रोपाला नारळ धरायला सहा-सात वर्षं जातात, पाखरांसाठी जागा कोण अडवून ठेवणार!

सगळ्यांनाच पेटी लागते असंही नाही. बुलबुल, शिंपी आपापली घरटी झुडपात करतात. सुगरणीचं तर विचारूच नका. याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, 1930 च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सालिम अली समुद्राजवळच्या घरात राहून सुगरणींची घरटी बघत बसले होते. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तरच पुढचं काम. नाव सुगरण आणि राबतो नर, ही भाषेची गंमत वेगळीच. माझी पेटी होती ढोलीत राहणाऱ्यांसाठी. त्यातही दयाळासाठी, कारण पहाटे पाचला तो जे काही गातो त्यावर आमची अर्धी सुट्टी चालते.

2023 च्या मे महिन्यात गोठ्यातल्या फणसाच्या फळीची पेटी केली. तळ सहा इंच बाय सहा इंच, उंची फूटभर, भोक दोन इंचाचं. तळाला पाणी जायला चार बारीक छिद्रं. भाऊंच्या रंध्याला धार नव्हती म्हणून फळी आतून खरबरीतच राहिली. पिल्लांना वर चढायला तशीच लागते हे नंतर वाचलं, तेव्हा मी ते मुद्दाम केल्याचं सांगू लागलो. भोकाखाली एक सुरेख दांडीही बसवली होती. काकूंनी बघितली आणि विचारलं, "ही कावळ्याला बसायला का?" दांडी गेली.

मग पेटी माडाला बांधली. तोंड पश्चिमेला. अंडी उबवताना बिचारीला समुद्र दिसेल!

पुढच्या मे महिन्यात उघडून पाहिली तर तळ काळा पडलेला, झाकण फुगून वाकडं झालेलं आणि कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं. "पावसाकडे तोंड केलंत," भाऊ म्हणाले. "जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येतो. आमच्या घराचं तोंड कुठे आहे?" एवढंच बोलून त्यांनी पेटी सोडली, झाडली आणि गोठ्याच्या भिंतीला वळचणीखाली, विहिरीकडे तोंड करून ठोकली. तिथून दिसते ती विहीर, पंप आणि काकूंची वाळत घातलेली लुगडी.

2025 ला गेलो तेव्हा पेटीत बिऱ्हाड होतं. काळापांढरा नर शेपटी ताठ उभी करून पंपाच्या पाइपवर बसायचा, राखाडी मादी चोचीत अळी घेऊन आत जायची आणि बाहेर येताना पिल्लांची शी पांढऱ्या पुडीसारखी उचलून लांब नेऊन टाकायची. मी विहिरीच्या कठड्याशी चहाचा कप घेऊन तासन्‌तास. समुद्रावर दोनदाच गेलो.

आमची खोली मात्र वरची, नवी. गिऱ्हाइकं मागतात म्हणून काकूंच्या मुलाने पश्चिमेला भिंतभर काच लावून बांधलेली. त्या वर्षी मान्सून 25 मेलाच कोकणात उतरला. रात्री वारा असा सुटला की काचेच्या चौकटीतून पाण्याची धार सुरू झाली. आधी टॉवेल लावले, मग चादरी, मग दोन वाजता गाद्या उचलून खाली आलो. माजघरात काकूंनी सतरंजी आधीच पसरून ठेवली होती. काही बोलल्या नाहीत. तेवढं सौजन्य त्यांच्यात आहे.

सकाळी छत्री घेऊन गोठ्याकडे गेलो. वळचणीवरून पागोळ्यांचा पडदा पडत होता आणि त्याच्या आत पेटी कोरडी ठणठणीत. मादी नाकतोडा घेऊन आली, अंग झटकलं आणि आत शिरली.

निघताना काकूंनी वही काढली. "पुढच्या मेची कुठली खोली लिहू?"

"विहिरीकडची," मी म्हटलं.