बुडणारं यंत्र

भाच्याने हातात धरायचं जीपीएस यंत्र बादलीत सोडलं आणि ते सरळ तळाशी गेलं. "बघ मामा, बुडतं," तो म्हणाला. रविवारची दुपार, जेवणं झालेली, आणि आम्ही दोघं मोरीत उकिडवे बसलेलो. आतून हिचा आवाज आला, "अरे, ते कुणाचं आहे?" कुणाचं म्हणजे भाच्याच्या ट्रेकवाल्या मित्राचं. उसनं आणलेलं. तळाशी पडूनही त्याचा पडदा आपला चालूच होता. खोक्यावर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही. बुडतं, पण मरत नाही. बादलीत हे गुण ठीक आहेत. पवना धरणात अर्ध्या तासात ते काढायला कोण जाणार?

भाच्याने हवा भरायची कायाक घेतली आहे. सुटी आली की ती गाडीच्या डिकीत कोंबून पवनेला. थंडीत पहाटे पाण्यावर असं धुकं उतरतं म्हणे की स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसत नाही. एकदा हा भलत्याच काठाला लागला आणि तिथल्या कुत्र्यांनी त्याला उतरू दिलं नाही. तेव्हापासून हातात धरायचं जीपीएस हवंय. स्वस्तात.

स्वस्तात म्हटलं की आमचे पाय बुधवार पेठेकडे वळतात. पासोड्या विठोबाच्या आसपास न मिळणारी इलेक्ट्रिकची वस्तू जगात नसते, अशी माझी लहानपणापासूनची श्रद्धा. ही मिळाली नाही. एका दुकानदाराने चष्म्यावरून पाहत विचारलं, "मोबाईल आहे ना खिशात?" आहे. आणि त्याचं बरोबरही आहे, रेंज नसली तरी मोबाईलमधलं जीपीएस चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. पण ओल्या बोटांना मोबाईल ओळख देत नाही. भर उन्हात पडद्यावर आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. आणि चार्जिंग संपलं तर पाण्याच्या मधोमध प्लग कुठे शोधायचा? या यंत्रात दोन पेन्सिल सेल, साधारण वीस तास चालतात, आणि ते कुठल्याही टपरीवर मिळतात. बटणं खरी, दाबल्याचं कळणारी. ऊन जितकं कडक तितका पडदा स्पष्ट.

गार्मिन कंपनीचं साधं ईट्रेक्स घ्यायचं की तरंगणारं जीपीएसमॅप ७९, यावर घरात बरीच चर्चा झाली. तरंगणाऱ्याची किंमत ऐकून हिने "त्यापेक्षा तूच तरंगायला शीक" एवढंच म्हटलं. माझं मत स्वस्तातल्याच्या बाजूने. फोमचा तुकडा आणि नाडा, नाड्याचं दुसरं टोक लाइफ जॅकेटला. प्रश्न मिटला.

पण माझं मत पैशांमुळे नाही, किंवा नुसतं पैशांमुळे नाही. मला ते यंत्र आवडलं कारण ते बोलत नाही. गाडीतली ती बाई 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणाली की मी हटकून सरळ जातो. कर्वे रस्त्यावर मला वाट सांगते! पाण्यावर रस्ताच नाही, त्यामुळे यंत्रही फक्त एक बाण दाखवतं आणि अंतर. मध्ये डोंगराची सोंड आली तर ती तुझी तू बघ. त्यात स्वस्त यंत्रांत वेगळं होकायंत्र नसतं, तुम्ही हलत असाल तरच त्यांना तुमचं तोंड कुठे आहे ते कळतं. वल्हं थांबवलं की बाण वेड्यासारखा फिरायला लागतो. भाच्याला हा दोष वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, पण मी कायाकमध्ये बसत नाही, काठावर चहा पीत असतो, तेव्हा माझं काय!

लहानपणी मे महिन्यात आम्ही हर्णैला जायचो. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव, बैलगाड्या पार पाण्यात शिरलेल्या, आणि मी एका म्हाताऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, मागे मागे. जाळी कुठे टाकली ते समुद्रात कसं सापडतं, हा माझा प्रश्न. तो वैतागायचा नाही. सुवर्णदुर्गाकडे एक हात, मागच्या डोंगराकडे दुसरा. बुरूज त्या झाडाखाली आला की एक रेघ. मग मान वळवून आणखी दोन खुणा, दुसरी रेघ. जिथे फुली पडते तिथे जाळं. त्याच्या हातांना कायम डिझेलचा आणि सुक्या बांगड्याचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून आठवतो. त्याचं नाव मात्र आठवत नाही.

हे जीपीएस तरी वेगळं काय करतं? खुणा २०,२०० किलोमीटर वर, उपग्रहांवर नेऊन ठेवल्या आहेत, एवढंच. मे २००० पर्यंत तर अमेरिकेने सामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवली होती, शंभरेक मीटरची. तांडेल हसला असता.

गेल्या महिन्यात मीही पवनेला गेलो. काठावरच्या टपरीत एक आजोबा बसले होते, डोक्याला टोपी, नजर भाच्याच्या हातातल्या यंत्रावर. "ह्यात आमचं गाव दावतंय का?" भाच्याने पडदा पुढे केला. नुसतं पाणी. आजोबांनी तो नीट पाहिलाही नाही. उठून उभे राहिले, एक हात तुंग किल्ल्याच्या टोकाकडे, मग अंग वळवून तिकोन्याकडे. हे टोक त्या खिंडीत बसलं, आणि तो बुरूज त्या वडाच्या वर आला, की खाली त्यांचं घर.

भाचा गेला वल्हवत. आजोबा काठावरून हातवारे करत राहिले, आणखी पलीकडं, थोडं अलीकडं, बास. त्याने तिथे खूण साठवली आणि परत आला.

"किती चुकतंय यंत्र?"

"तीन-चार मीटर, आजोबा."

"मग घरातच हाय की."

धरणाला पन्नास वर्षं होऊन गेली. बदली जमिनीसाठी त्यांचे वडील हेलपाटे घालत गेले, मग हे. भाच्याने खुणेला नाव काय देऊ म्हणून विचारलं, त्याच्या मनात गावाचं नाव असावं. आजोबा म्हणाले, सर्व्हे नंबर टाका. कचेरीत तोच विचारतात.

नंबर त्यांना पोटहिश्श्यासकट पाठ होता.