फिजिक्स नकोय, पण नक्की कुठलं?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांत माझा भाव वधारतो. मी केमिकल इंजिनीअर, कोकणातल्या एका एमआयडीसीत नोकरीला. एरवी माझं काम काय हे कुणी विचारत नाही, पण ॲडमिशनच्या दिवसांत फोन सुरू होतात. यंदा भाची होती. "मावशी, जिच्यात फिजिक्स नाही अशी ब्रँच सांग." तिचं मॅथ्स पक्कं आहे. सीईटीत मॅथ्सच्या प्रश्नाला दोन मार्क आणि फिजिक्सच्या प्रश्नाला एकच, त्यामुळे पर्सेंटाइलही बरा आलाय. मागून भावोजी ओरडत होते, "कॉम्प्युटर घे म्हणावं, त्यात फिजिक्स नसतंच!"

भावोजी निम्मे बरोबर आहेत. सेकंड इयरपासून कॉम्पला डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस असले विषय. फिजिक्सची आठवण करून देणारं फार तर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. पण त्याआधी फर्स्ट इयर असतं, आणि ते बहुतेक कॉलेजांत सगळ्यांना जवळपास सारखंच. इंजिनीअरिंग फिजिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिक्स. पुढे आयुष्यभर कोड लिहिणारी पोरंही तिथे ट्रसच्या (त्रिकोणी सांगाड्याच्या) मेंबरमधलं बल काढत बसतात आणि केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की मेकॅनिक्सच्या नावाने खडे फोडतात.

मी तिला म्हटलं, स्टेट बोर्डाचं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक काढ, अनुक्रमणिका उघड. सोळा धडे आहेत. ज्याचं नाव वाचूनच पोटात गोळा येतो त्यावर फुली मार.

कारण 'फिजिक्स आवडत नाही' म्हणणाऱ्या दोन पोरांचं दुखणं सहसा एक नसतं. पहिल्याच धड्याला, रोटेशनल डायनॅमिक्सला, फुली पडली आणि फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे वस्तूवरच्या बलांचे बाण काढायचं चित्र, नकोसा वाटत असेल, तर मेकॅनिकल आणि सिव्हिलपासून लांब राहावं. तिथे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स दारातच उभं असतं. आठव्यापासून तेराव्यापर्यंत, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक्सपासून (स्थिर विद्युत) एसी सर्किटपर्यंत, ओळीने फुल्या असतील तर इलेक्ट्रिकल आणि एन्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) नको. शेवटचा सेमीकंडक्टरचा धडा लॉजिक गेट्समुळे अनेकांना सोपा जातो. ती कॉम्पच्या बाजूची खूण.

आणि दुसरा नि चौथा धडा, फ्लुइड्स आणि थर्मोडायनॅमिक्स, मोकळे राहिले तर केमिकलचा विचार करावा. केमिकल म्हणजे केमिस्ट्री, असं समजून येणारे बरेच असतात. आमच्याकडे रिॲक्शन्स पाठ करण्यापेक्षा हिशेब जास्त: आत किती आलं, बाहेर किती गेलं, मध्ये किती साठलं, उष्णता कुठे गेली. पंप आवाज करायला लागला की सक्शनला दाब कमी पडतोय का ते बघायचं, तिथे फ्लुइड्सच्या धड्यातला बर्नुली भेटतोच. पण डोक्यात न दिसणारे बाण काढावे लागत नाहीत. मला तेच बाण नको होते.

तरी टोल्युइन, म्हणजे चटकन पेटणारं सॉल्व्हंट, ड्रममध्ये भरताना इलेक्ट्रोस्टॅटिक्सने मला गाठलंच. पाइपातून वाहताना त्यात चार्ज साठतो, ठिणगी उडाली तर वाफ पेट घेते. म्हणून व्हॉल्व्ह उघडायच्या आधी अर्थिंगचा क्लॅम्प. दोन चार्जमधलं बल काढताना मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आता क्लॅम्प न लावता कुणी व्हॉल्व्हला हात घातला तर प्लांटभर माझा आवाज ऐकू येतो.

रात्री भाचीने अनुक्रमणिकेचा फोटो पाठवला. रोटेशनल, ऑसिलेशन्स आणि आठ ते तेरावर फुल्या. ऑसिलेशन्सवर तर दोनदा. फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, सेमीकंडक्टर कोरे. म्हणजे केमिकल आणि कॉम्प दोन्ही दारं उघडी. ॲडमिशनच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कुठली आधी टाकायची यावर बापलेकीचं अजून जुंपलंय. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही, त्यामुळे तो पहिला रकाना भावोजींनी परस्पर भरू नये, एवढं ताईला बजावून ठेवलंय.