बी.कॉम.वाल्या दुकानदाराने किडीची मज्जासंस्था कशी शिकली: माझा अनुभव

सांगोला तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलेलं, गिऱ्हाईक बहुतेक डाळिंबवालं. कीटकनाशकं विकायच्या परवान्याला आता कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचं शिक्षण लागतं आणि माझी पदवी बी.कॉम.ची. म्हणून निविष्ठा विक्रेत्यांच्या ‘देसी’ डिप्लोमाला नाव घातलं. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा हा 48 आठवड्यांचा अभ्यासक्रम. आठवड्यातून एकच दिवस, 40 वर्ग आणि 8 शिवारभेटी. सकाळी एसटीनं सोलापूर गाठायचं, दिवसभर वर्गात बसायचं, अंधार पडता घरी. माती, खतं, बियाणं हे विषय दुकानात रोजचेच असल्यामुळे सुरळीत गेले. घाम फुटला तो ‘कीटकनाशकं किडीला नेमकी कशी मारतात’ या प्रकरणाला.

सरांनी फळ्यावर दोन चेतापेशी काढल्या आणि मध्ये बारीक फट ठेवली. खरी फट मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. चेतापेशीतून धावत आलेला विजेचा संदेश इथं थांबतो आणि पुढचं काम रसायन करतं. अलीकडची पेशी ते रसायन फटीत सोडते, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकाला (म्हणजे रिसेप्टरला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला नव्हे) ते चिकटतं आणि संदेश पुढं जातो. किडीच्या मेंदूत आणि पोटाखालून जाणाऱ्या चेतारज्जूत हे काम मुख्यतः अ‍ॅसिटिलकोलीन करतं. निरोप पोचला की एक विकर (एन्झाइम) त्याला लगेच तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही आमच्या दुकानातली जुनी औषधं या विकरालाच निकामी करतात. मग अ‍ॅसिटिलकोलीन फटीत साचत राहतं आणि ट्रकचा भोंगा अडकून वाजतच राहावा तशी चेतापेशी संदेश देतच सुटते. कीड थरथरते, पाय झाडते, मरते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड यांची तऱ्हा वेगळी. ती स्वतःच अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहकावर जाऊन बसतात आणि त्या विकराला तुटतही नाहीत.

वर्गात समजलं असं वाटायचं, पण घरी वही उघडली की सगळी नावं एकमेकांत मिसळायची. पुस्तकातले तक्ते काही केल्या डोक्यात राहीनात. शेवटी रात्री शटर ओढून मी दुकानातल्या बाटल्या काउंटरवर मांडल्या. एकेक उचलायची, ब्रँडचं मोठं नाव सोडून खालच्या बारीक अक्षरातलं टेक्निकल, म्हणजे आतल्या खऱ्या औषधाचं नाव, वाचायचं आणि ते कोणत्या रसायनाच्या कामात हात घालतं ते वहीत मांडायचं. इथून अभ्यासाची गाडी रुळावर आली. ब्रँड ढीगभर, टेक्निकल त्याहून खूप कमी, आणि निरोप्ये, म्हणजे निरोप नेणारी ती रसायनं, तर बोटांवर मोजण्याइतके. काही औषधं निरोप्यांना हातच लावत नाहीत. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं चेतातंतूवरचं सोडियमचं दार उघडं धरतात. त्यांना वेगळा रकाना केला.

त्या वहीतली एक ओळ माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली. फुलकिडे हटेनात म्हणून शेतकरी इमिडाक्लोप्रिड मारतो, मग थायमेथोक्झाम, मग अ‍ॅसिटामिप्रिड. त्याच्या हिशेबी त्यानं तीन औषधं बदलली, पण तिन्ही एकाच ग्राहकावर बसतात. त्या माऱ्यातून तगलेल्या फुलकिड्यांची पिलावळ वाढत जाते आणि पुढच्या बहारात बाटली कुठलीही आणा, रिझल्ट येत नाही. बदलायचा तो गट, म्हणजे किडीला मारायची तऱ्हा. फिप्रोनिल हा वेगळा गट. गाबा नावाचं रसायन चेतापेशीला शांत करतं, त्याचा मार्ग हे औषध अडवतं. इमामेक्टिन त्याहून वेगळं. ते ग्लुटामेट नावाच्या निरोप्याच्या ग्राहकाचं दार उघडं ठेवतं, त्यामुळं अळी लुळी पडते आणि खाणं सोडते, पण लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतं, “मालक, अळी जित्तीच हाय की!” मी विचारतो, “आण्णा, नवीन पान खाल्लंय का बघितलं?” बघून आल्यावर बहुतेकांचं समाधान होतं. इमामेक्टिनचं मूळ जपानच्या मातीतल्या एका जिवाणूत आहे. तो शोधणारे सातोशी ओमुरा यांना 2015 चं नोबेल मिळालं.

तोंडी परीक्षेत मला विचारलं, “किडीच्या स्नायूला हुकूम कोण देतं?” वर्गातले बरेच जण अ‍ॅसिटिलकोलीन म्हणाले होते, कारण माणसात तेच देतं. किडीत ते काम ग्लुटामेटचं. आपल्याकडे मेंदूत ग्लुटामेट मुख्य आणि स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलीन. किडीत नेमकं उलट. मला हे आलं, कारण इमामेक्टिननं सुरसा अळी (डाळिंबाचं फळ पोखरणारी) लुळी का पडते हे वहीत लिहिताना तिथंच गाडी अडली होती.

परीक्षेबाहेरचंही सरांनी पुष्कळ सांगितलं. ऑक्टोपामिन हा आणखी एक निरोप्या, तो पहिल्यांदा ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडला. आपल्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जे करतं, तसलं बरंच काम हे रसायन किड्यांत करतं. मधमाशीला गोड रस मिळाल्याचं तिच्या मेंदूला तेच कळवतं आणि फुलाचा वास तिच्या लक्षात राहतो. जनावरांच्या गोचिडांसाठी आम्ही विकतो ते अमिट्राझ याच रसायनाच्या ग्राहकावर काम करतं. 2020 ला विदर्भात टोळधाड आली तेव्हा आमच्याकडेही धास्ती होती. एकटा राहणारा टोळ थव्यातला होतो तो सेरोटोनिन या निरोप्या रसायनामुळे. गर्दीत मागच्या पायांना सारखा स्पर्श झाला की काही तासांत ते वाढतं. 2009 साली हे संशोधन आलं. मी ते ऐकून दोन दिवस घरात सगळ्यांना सांगत होतो.

एका गोष्टीनं मात्र झोप उडवली. अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं ते विकर आपल्याही अंगात आहे. म्हणून असलं औषध अंगात गेलं की फवारणाऱ्याला लाळ सुटते, घाम फुटतो, बुबुळातली बाहुली टाचणीएवढी होते. अशा बाटलीच्या लेबलवर प्रतिविष म्हणून अ‍ॅट्रोपिन लिहिलेलं असतं. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करता करता माणसं गेली, त्या बातम्या मी तेव्हा नुसत्या वाचल्या होत्या. आता लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात विषारी औषधाची, बाटली देताना हातमोजे-मास्क घेतल्याशिवाय मी बिल करत नाही. काहींना राग येतो. येऊ दे.

डिप्लोमा हातात आल्यावर पहिल्यांदा रॅक बदलली. पूर्वी कंपनीप्रमाणे लावायचो, आता गटाप्रमाणे लावतो आणि बिलावर औषधापुढे गटाचा आकडा टाकतो. फुलोऱ्यात आमच्याकडे बरेच जण मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. तेव्हा इमिडाक्लोप्रिडचा गट मी स्वतःहून काढून देत नाही, कारण माशीच्या मेंदूतही तोच ग्राहक आहे. युरोपात त्या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर 2018 ला बंदी आली. काही बाटल्यांवर गटाचा आकडा छापलेला असतो, बऱ्याच बाटल्यांवर शोधून सापडत नाही. तो मराठीत, ब्रँडच्या नावाएवढ्या अक्षरात छापायला हवा.