चाळीस मिनिटं

फोनवरून गेम लाइव्ह दाखवणं हे माझं रोजचं काम. ज्या फोनवर खेळते, तोच फोन स्क्रीन टिपतो, व्हिडिओ एन्कोड करतो, म्हणजे पाठवण्याजोग्या रूपात बदलतो, आणि इंटरनेटवर पाठवतो. आजवर एकटीच खेळत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच चौघांच्या टीमबरोबर स्पर्धेचे सामने दाखवायचे होते.

सुरुवातीआधी सगळं तपासलं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं, कारण एखादा ओटीपी आला तर तो बघणाऱ्या सगळ्यांना दिसतो. माझा आवाज आणि गेमचा आवाज जुन्या फोनवर ऐकून घेतला. दोन्ही स्वच्छ. मग लाइव्ह गेले, टीमचा व्हॉइस चॅट, म्हणजे खेळता खेळता एकमेकांशी बोलायची गेममधली सोय, चालू केला आणि खेळायला लागले. कमेंटचा चौकोन अंगठ्याच्या आड येतो, म्हणून सामना चालू असताना तो मी बंदच ठेवते.

दोन सामने झाले. चाळीस मिनिटं मी अखंड बोलत होते. लॉबीत, म्हणजे पुढच्या सामन्याची वाट बघायच्या स्क्रीनवर, येऊन कमेंट उघडल्या, तर ‘ताई, आवाज येत नाहीये’, ‘माईक बघा’, खाली पुन्हा तेच. त्यात एक कमेंट आमच्या नेहमीच्या श्रोत्याची होती. त्याला दिसत नाही. माझ्या बोलण्यावरूनच तो सामना समजून घेतो. त्याने लिहिलं होतं, ‘ताई, आज बोलणार नाही का?’

पोटात गोळाच आला.

स्ट्रीमिंगच्या, म्हणजे लाइव्ह दाखवायच्या ॲपमध्ये माईकचं चिन्ह चालू, एररचं नावनिशाण नाही. स्ट्रीम थोडी मागे नेऊन ऐकली. पावलांचा आवाज, गाडीचं इंजिन, गोळ्या, सगळं खणखणीत. मी मात्र नाही, आणि टीममधलं कुणीही नाही. तिथेच मला उलगडा झाला. माझा एकटीचा आवाज गेला असता तर मी माईकला दोष दिला असता. पण बाकी तिघांचा आवाज तर माझ्या माईकमधून येतच नव्हता.

अँड्रॉइड 10 पासून ॲपला गेमचा आतला आवाज थेट घेता येतो, पण कॉल आणि व्हॉइस चॅटचा आवाज त्यातून वगळलेला असतो. म्हणून ते तिघे गायब. माझं कारण निराळं. दोन ॲप्सनी एकाच वेळी माईक मागितला की व्हॉइस चॅटचा मान पहिला, आणि दुसऱ्याला फोन नकार देत नाही, नुसती शांतता पुरवतो. स्ट्रीमिंगचं ॲप बिचारं ती शांतता इमानेइतबारे रेकॉर्ड करत बसलं होतं. आधीची तपासणी मी व्हॉइस चॅट चालू करण्यापूर्वी केली होती, चूक तिथे झाली.

पुढच्या सामन्याला पाच मिनिटं होती. गेममधला व्हॉइस चॅट बंद केला. जुन्या फोनवरून टीमला ग्रुप कॉल लावला, स्पीकर चालू करून तो खेळायच्या फोनशेजारी उभा केला. गेमच्या आवाजासाठी माईक नसलेला इअरफोन एकाच कानात घातला, दुसरा कान टीमसाठी मोकळा. आता खेळायच्या फोनचा माईक फक्त स्ट्रीमसाठी होता, आणि त्यात आम्ही चौघंही येणार होतो.

‘ऐकू येतंय का?’ विचारलं. स्ट्रीम दहा-बारा सेकंद मागे चालते, तेवढं थांबणं त्या दिवशी जड गेलं. मग कमेंट धडाधड यायला लागल्या: ‘आला! आला!’

त्या श्रोत्याचीही आली. ‘दुसऱ्या सामन्यात शेवटी लागोपाठ तीन स्फोट झाले, मग एकदम सगळं शांत. ते कोणाचे होते?’

सामना सुरू व्हायला दीड मिनिट उरलं होतं. मी माईकजवळ सरकले आणि त्याला गेममधल्या पुलापासून सांगायला सुरुवात केली. पहिले दोन आमच्यावर पडले होते, तिसरा आमचा होता.